डाव्या हाताचा फॉन्ट

४ मार्च

ठिपक्यास,

आशीर्वाद शेवटी, जागा उरली तर. आधी काम.

तुझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड हवा आहे. तसा तो चालू होतो. घरघरतो, बराच वेळ विचारात पडतो आणि मग उघडतो. पण त्यावर काही नवीन घालायला गेलं की ‘ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी आणा’ म्हणतो, आणि ॲडमिनिस्ट्रेटर तू. घरातून गेलास तरी त्या एका खोक्यावर अजून तुझंच राज्य आहे.

मेसेज केले होते. तू ते उघडत नाहीस हे मला दिसतं. फोन उचलत नाहीस हेही. म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर कागद पाठवते आहे. ऑफिसात आलेलं पाकीट चारचौघांसमोर न फोडता फेकून देता येत नाही, असा माझा अंदाज.

मला त्यावर फॉन्ट तयार करायचं सॉफ्टवेअर घालायचं आहे. तुम्ही तिथे वापरता ते महागडं नव्हे, फुकट मिळतं ते. कशासाठी, तर जन्मभर ब्रशने पाट्या रंगवलेल्या बाबांसाठी. आता तू हसशील. पाट्या मशीन कापतं, ब्रश घेऊन शिडीवर चढायची गरज राहिली नाही, असं तू म्हणालास आणि बाबा म्हणाले, ‘मग मशीनलाच बाप म्हण.’ त्या जेवणानंतर तुम्हा दोघांच्या तोंडाला कुलूप लागलं ते आजतागायत. आणि मी त्याच बाबांना त्याच मशीनसमोर बसवायला निघाले आहे. यातली गंमत मला कळते, ती लिहून पाठवू नकोस.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा हॉस्पिटलात तू आला होतास, काचेतून बघून गेलास. ते मी बाबांना सांगितलेलं नाही. त्यानंतरचं तुला माहीत नसेल. उजवा हात कामातून गेला आहे. बोलता येतं, पण शब्द मध्येच अडकतो, आणि लोकांसमोर अडकण्यापेक्षा ते गप्प राहतात. घरी आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असतात. व्यायाम करून घ्यायला एक बाई रोज येतात. त्यांनी मला जिन्यात गाठून स्पष्ट सांगितलं, ‘ताई, हात परत येईल न येईल. पण माणूस उठून बसला पाहिजे. हे असेच पडून राहिले तर वर्ष काढणार नाहीत.’

रेडिओ आणला, नको. पत्ते आणले, नको. आल्बम दाखवला तर डोळे मिटून घेतले. परवा मी माझ्या चष्म्याच्या दुकानातून डोळे तपासायचा जुना तक्ता घरी आणला होता, धूळ पुसायला. तो खाटेवर ठेवला तर मान वळवून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘म... वाकडा आहे.’ आजारपणानंतर आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. म्हणून हा सगळा खटाटोप.

पासवर्ड पाठव. बाबांना यातलं काही माहीत नाही.

जागा उरली नाही.

ताई

१६ मार्च

ठिपक्या,

पोस्टकार्ड मिळालं. ना मायना, ना सही, नुसता पासवर्ड. ‘रेषसरळठेव’, तोही इंग्रजी अक्षरांत. मी पोस्टमनसमोरच हसले. दिवसातून वीस वेळा बाबांकडून जे ऐकून तुझे कान किटले होते, ते तू रोज टाइप करून कॉम्प्युटर उघडत होतास तर.

आता सॉफ्टवेअरची कथा. पहिल्यांदा म्हणाला, जागा नाही. तुझे सगळे गेम उडवले, विचारायला थांबले नाही. मग म्हणाला, या प्रोग्रॅमचा निर्माता अनोळखी आहे, तरी पुढे जायचं का? पुढे गेले. मग अर्ध्यावर येऊन म्हणाला, ही आवृत्ती या कॉम्प्युटरवर चालणार नाही, कॉम्प्युटर जुना आहे. जुन्याला जुनंच लागतं, हे त्याने आधी सांगितलं असतं तर माझा एक रविवार वाचला असता. शेजारच्या टायपिंगवाल्यांकडे जाऊन जुनी आवृत्ती पेन ड्राइव्हवर आणली. ती घातली. त्याने रीस्टार्ट मागितला, दिला. चिन्हावर क्लिक केलं, काही झालं नाही. पुन्हा केलं, नाही. मी वैतागून कपडे वाळत घालायला गेले, आणि परत आले तर एकाच्या जागी पाच खिडक्या उघडून बसलेला.

आत नुसते चौकोन. प्रत्येकाच्या डोक्यावर एक बारीक अक्षर आणि खाली रिकामं. आधी सगळी इंग्रजी, मग कुठकुठल्या देशांची. आपली अक्षरं सापडेपर्यंत माउसचं चाक फिरवून बोट दुखलं. सापडली तेव्हा ओळखीचं कोणी गर्दीत दिसावं तसं झालं.

दुसऱ्या दिवशी बाबांना खुर्चीत बसवून तुझ्या खोलीत नेलं. खुर्ची ढकलत नेली, ते विरोध करत होते, पण एका हाताने किती करणार. पडद्यासमोर आणून सोडलं. ते रिकामे चौकोन बघत राहिले. मग म्हणाले, ‘किती?’ मी म्हटलं, सगळे. बाराखडीपासून जोडाक्षरांपर्यंत. त्यावर नाक मुरडलं. पण खाटेवर परत ने म्हणाले नाहीत.

तुझ्या खोलीत मी काही हलवलेलं नाही. गेम सोडून.

ताई

७ एप्रिल

ठिपक्या,

प्रश्न विचारते आणि उत्तर हवं आहे. कार्डावर एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

बाबा डाव्या हाताने पुठ्ठ्यावर जाड मार्करने अक्षर काढतात. मी फोटो काढून कॉम्प्युटरवर घेते, चौकोनात ठेवते, सॉफ्टवेअर त्याच्या कडेने रेष फिरवून देतं. रेषेवर बिंदू असतात, ते ओढले की अक्षर हलतं. हे तुला शिकवायला नको. बाबांना मात्र ते बिंदू भलतेच आवडले आहेत. माउसची बटणं मी उलटी करून दिली, डाव्या हातासाठी. आता सकाळी मी दुकानात जायच्या आधी त्यांना खुर्चीत बसवावं लागतं, नाहीतर खाटेवरून काठी आपटतात. व्यायामाच्या बाईंना त्यांनी काल ‘थांबा’ म्हटलं, कारण थ अर्धा राहिला होता. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, ‘मला आजवर कोणी इतक्या आनंदाने हाकललं नव्हतं.’

अडचण अशी की पहिल्याच दिवशी मी म्हटलं, बाबा, क काढा. ते म्हणाले, ‘कुठला?’ मी म्हटलं, क. ते म्हणाले, ‘कोणाच्या... शेजारचा?’ आयुष्यभर एकदाही त्यांनी एकच क दोनदा काढलेला नाही. पाटी रुंद तर क रुंद, शेजारी ल असला तर त्याला जागा देणारा क. आणि या सॉफ्टवेअरला सगळ्या पाट्यांसाठी मिळून एकच क हवा आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम. मी मध्ये.

तूच म्हणायचास की याला काहीतरी उपाय असतो. काय तो?

आणि हो, ते खाली आडवी रेष देतं आणि अक्षर त्यावर ठेवा म्हणतं. बाबा म्हणाले, ‘उभं राहत नाही... लटकतं.’ वरची शिरोरेष कशी दाखवायची, तेही सांग.

मी तुला लिहिते हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. मलाच एवढं सगळं येतं असं त्यांना वाटतं. वाटू दे की.

ताई

२२ एप्रिल

ठिपक्या,

कार्डाच्या दोन्ही बाजू भरून उत्तर! मी तर उलटसुलट करून बघितलं, दुसऱ्याच कोणाचं आहे की काय म्हणून.

‘अक्षर मागू नकोस, शब्द माग,’ हे तुझं बरोबर ठरलं. बाबांना म्हटलं, कुठलीही एक पाटी घ्या. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘येथे वाहने लावू नयेत.’ आयुष्यात सर्वांत जास्त वेळा रंगवलेलं वाक्य. तेव्हा आपल्या फॉन्टची सुरुवात एका मनाईने झाली आहे. ते झाल्यावर ‘पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका’ हे घेतलं. ळ अर्धवट राहिला. त्याचे दोन गोल डाव्या हाताला जमेनात, तीन पुठ्ठे फाडले, मग तो तसाच टाकून पुढे गेले.

अक्षरं कशी आहेत विचारशील तर थरथरलेली आहेत. शिरोरेष मध्येच जराशी खाली येते आणि पुन्हा वर जाते. उभ्या दांड्याला पोट सुटल्यासारखं वाटतं. पण गंमत म्हणजे सगळी एकाच घरातली वाटतात. दुकानात दिवसभर मी लोकांना अक्षरं वाचायला लावते, तेवढं मला कळतं.

आता एकच अडलं आहे. शब्द टाइप केला की शिरोरेषा जोडल्या जात नाहीत. प्रत्येक दोन अक्षरांत फट राहते. बाबा दोन दिवस माउस घेऊन झगडले. काल चिडून काठी फेकली. मी हात टेकले. सोबतच्या पेन ड्राइव्हवर फाइल आहे. तेवढी फट बुजवून परत पाठव. बाकी कशाला हात लावू नकोस असं लिहिणार होते, पण ते तुला सांगायला हवं का?

बाबांची तब्येत चांगली आहे. म्हणजे स्वभाव मूळपदावर आला आहे.

ताई

११ मे

ठिपक्या,

हे पत्र मी दोनदा फाडलं आहे.

पेन ड्राइव्ह आला. मी फाइल कॉम्प्युटरवर घेतली. ‘या नावाची फाइल आधीपासून आहे, तिच्या जागी ही ठेवायची का?’ असं त्याने विचारलं आणि मी हो म्हटलं. फटी गेल्या होत्या, रेष एकसंध होती. आणि सगळी अक्षरं सरळ होती.

मला ते पहिल्या नजरेत कळलं. एकही थरथर नाही. चौकातल्या दवाखान्याच्या पाटीवर, शाळेच्या फाटकावर, आपल्या दारावर जी अक्षरं होती, हुबेहूब ती. उजव्या हाताची. बाबा आजारी पडायच्या आधीची. तू ती पाठ केली होतीस. समोर एकही पाटी नसताना एवढ्या लांब बसून तू ती जशीच्या तशी काढलीस. मला रडू आलं, खरं सांगते. मला वाटलं, हे बघून बाबा तुला घरी बोलावतील. म्हणून मी धावत जाऊन त्यांना आणलं आणि तेव्हाच सांगितलं की हे ठिपक्याने केलं आहे, इतके दिवस मी त्यालाच लिहीत होते.

बाबा बघत राहिले. इतका वेळ की पडदा आपोआप काळा झाला. मी माउस हलवून तो पुन्हा उजळवला. मग ते बोलले. ‘हा हात... गेला.’ पडद्याकडे बोट केलं. ‘त्याने... गेलेला हात... काढला.’

खाटेवर न्यायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आज चौथा दिवस. व्यायामाच्या बाईंशी बोलायलाही तयार नाहीत. ताट तसंच परत येतं. बाई जिन्यात मला काही म्हणाल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

मला तुझा राग आला आहे. माझाही आला आहे, कारण मलाही ती सरळ अक्षरंच आवडली होती. पण तुझा जास्त. बाबांनी तुझ्या लहानपणापासून तुझ्या पाट्यांवरून स्वतःचा ब्रश फिरवला, तुला न विचारता, तुझ्यासमोर. तू दात-ओठ खात उभा असायचास. आता तू नेमकं तेच केलंस, आणि तुला वाटलं ही भेट आहे. त्यांनाही तेव्हा तसंच वाटायचं. तुम्हा दोघांना एकमेकांचं अक्षर जसं आहे तसं बघवतच नाही का रे?

डाव्या हाताची फाइल माझ्याकडे उरलेली नाही. पुठ्ठे आहेत, पण माउसने बिंदू बिंदू ओढून त्यांनी जे बसवलं होतं ते सगळं पुसलं गेलं. तुझ्याकडे मूळ फाइल असेल तर पाठव. त्याचा उपयोग होईल की नाही ते मला माहीत नाही.

ताई

२० मे

ठिपक्या,

तुझं पत्र मिळालं. या वेळी पाकिटात. ‘मला वाटलं त्यांना आनंद होईल’ हे वाक्य तीनदा लिहून खोडलेलं दिसतंय आणि चौथ्यांदा ठेवलेलं. ते मी बाबांना वाचून दाखवलेलं नाही. जुनी फाइलही पोचली. ती लागली नाही. का, ते ऐक.

गुरुवारी सकाळी मी डबा भरत होते आणि तुझ्या खोलीतून टिकटिक ऐकू आली. मला वाटलं खिडकी उघडी राहिली. जाऊन बघते तर बाबा. खाटेवरून उठून, भिंत धरत, एकटे गेले होते. खुर्चीही नीट ओढलेली नव्हती, अर्धे बाहेर बसले होते. डावा हात माउसवर. पडद्यावर तुझा सरळ, देखणा य होता आणि ते त्याचा एकेक बिंदू धरून वाकडा करत होते. शिरोरेष जराशी खाली, पुन्हा वर. दांड्याला पोट.

मी म्हटलं, बाबा, ठिपक्याने जुनी फाइल पाठवली आहे, ती घालू? त्यांनी मान हलवली. नको. म्हणाले, ‘माझं... मी करतो.’

तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. रेष सरळ करायला जेवढे कष्ट पडतात तेवढेच ती खरीखुरी वाकडी करायलाही पडतात, हे मी आता जवळून बघितलं आहे. उगाच वाकडी केलेली त्यांना चालत नाही. आधी पुठ्ठ्यावर हाताने ओढून बघतात, हात कुठे डगमगतो ते पाहतात आणि मग पडद्यावर नेमकं तिथेच डगमगवतात. मी चिडवलं, म्हटलं, नक्कल करता का स्वतःची? तर हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. व्यायामाच्या बाई म्हणतात की भिंत धरून ते जेवढं चालले तेवढं त्यांनी दोन महिन्यांत चालवून घेतलं नव्हतं. जेवण व्यवस्थित आहे. दोनदा वाढून घेतात आणि मीठ कमी म्हणून मला ऐकवतात.

मी तुला एवढंच कळवून थांबणार होते. पण काल ते ळपर्यंत पोचले.

त्या ळचं तुझ्याकडे काहीच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. बाबांनी तो अर्धवट टाकलेला. बाकीची अक्षरं तू आठवून सरळ केलीस, पण इथे सरळ करायलाच काही नव्हतं, म्हणून तू तो पूर्ण तुझ्या मनाने काढलास. त्यांच्या उजव्या हाताचाही नाही, डाव्याचाही नाही. बाबांनी तो बघितला आणि माउसवरचा हात उचलला. पडद्याजवळ गेले. मागे आले. ‘दुसरा शब्द... टाइप कर’ म्हणाले. मी ‘शाळा’ केलं, ‘बाळ’ केलं, ‘सकाळ’ केलं. प्रत्येकात तो ळ शेजाऱ्याला जागा देऊन बसला होता. बाबांनी तिन्ही शब्द वाचले आणि म्हणाले, ‘हा... त्याचा आहे.’

मी घाबरून विचारलं, मग वाकडा करू?

‘नको. बरा आहे.’

बाबांच्या तोंडून ‘बरा’ निघणं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. माझ्या वाट्याला ते अजून आलेलं नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

मग ते पुढचे चौकोन बघत बसले. अजून कितीतरी रिकामे आहेत. जोडाक्षरं तर सगळीच. शेवटी म्हणाले, ‘निम्मी... त्याला दे.’ मी म्हटलं, कुठली निम्मी ते तुम्हीच त्याला सांगा. मी दुकान सांभाळू, स्वयंपाक करू, की तुमच्या दोघांचा टपाल-शिपाई होऊ? त्यावर त्यांनी माझ्या मोबाइलकडे बोट केलं.

तेव्हा आता नीट वाच. रविवारी सकाळी माझ्या नंबरवरून फोन येईल. उचल. बोलणार बाबा आहेत, मी नाही. अक्षरांबद्दलच बोलतील. दुसरं काही निघेल अशी आशा ठेवू नकोस, मीही ठेवलेली नाही. तुला कोणती अक्षरं हवीत आणि त्यांनी कोणती ठेवावीत, यावर वाद घातलास तरी चालेल. वादाने त्यांना भूक लागते.

फक्त एक गोष्ट सांभाळ. त्यांची वाक्यं आता लांबतात. मध्येच एखादा शब्द अडकेल आणि बराच वेळ तुला नुसता श्वास ऐकू येईल. तो शब्द कोणता, हे तुला त्यांच्या आधी कळेल, एवढं तू त्यांना ओळखतोस. तुझ्या जिभेवर येईल. तरी बोलू नकोस. फोन कानाला लावून गप्प थांब. कितीही वेळ लागला तरी थांब. त्यांचा शब्द ते काढतील.

ताई